व्हिडिओ बैठकीचा संच: आधी कानाने पारखा, मग डोळ्याने

किहीम, चोंढी, झिराड, आवास, सासवणे या पट्ट्यात धंद्याची रीत पूर्वीसारखी राहिलेली नाही. बंगला किहीमला बांधला जातो, त्याचा मालक मुंबईत असतो आणि नकाशा काढणारा आर्किटेक्ट पुण्यात. प्लायवूड व हार्डवेअर भरणारा भागीदार महंमदअली रोडच्या बाजूला, तर भांडवलात वाटा असलेला भाऊ किंवा मेहुणा कुवेत नाहीतर दुबईला. काम एक आणि माणसे चार गावांत, अशी ही स्थिती आहे. तेव्हा चारही माणसांना एका वेळी एका टेबलाशी बसवण्याची सोय हवी, ही मागणी रास्त आहे. ही मागणी ओळखूनच विक्रेते आता लहान कचेऱ्यांनाही व्हिडिओ बैठकीच्या संचाचे कोटेशन देऊ लागले आहेत.

हा संच घ्यावा की न घ्यावा, घ्यायचा तर कसा पारखावा, यासंबंधी आमचे मत आम्ही येथे मांडणार आहोत. निष्कर्ष प्रथमच सांगून टाकतो. टेबलाशी एकाच वेळी पाच-सहा माणसे बसणार असतील आणि अशी बैठक आठवड्याला निदान एकदा होणार असेल, तरच पूर्ण संचाचा विचार करावा. एरवी दुकानात असलेला लॅपटॉप, भिंतीवरचा टीव्ही, एक बरा कॅमेरा आणि टेबलावर ठेवायचा एक चांगला स्पीकरफोन एवढ्यावर काम भागते. दुसरे म्हणजे, संच घेतलाच तर तो शेठच्या केबिनमध्ये लावू नये. याचे कारण पुढे येईल, आणि आमच्या लेखी हीच या विषयातली सर्वांत महत्त्वाची बाब आहे.

खर्च कशाच्या बदल्यात?

कोणतेही यंत्र घेताना ते कोणता खर्च वाचवणार हे आधी पाहावे. किहीमच्या माणसाला मुंबई जवळही आहे आणि लांबही. मांडव्याहून लाँचने गेटवे सुमारे तासाभरावर आहे, पण ही लाँचसेवा दर पावसाळ्यात बंद असते. भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो बोट २०२० मध्ये सुरू झाली, त्यामुळे गाडी घेऊन जाण्याची सोय झाली. तरीही समुद्र खवळला की तिच्या फेऱ्या रद्द होतात. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला, त्याने रस्त्याचा वेळ कमी केला, मात्र पेण-अलिबाग रस्त्यावरची शनिवार-रविवारची गर्दी कमी झाली नाही. अर्ध्या तासाच्या बोलण्यासाठी माणूस सकाळी निघतो आणि रात्री परततो. मिस्त्रीला सोबत नेले तर त्या दिवशी कारखान्यातले कामही थांबते.

म्हणून वही काढून चार आकडे मांडावेत: प्रवासाचे भाडे, गाडीचे इंधन, बाहेरचे जेवण आणि जाणाऱ्या माणसांचा बुडालेला दिवस. उदाहरणादाखल एका फेरीला सर्व मिळून साडेतीन हजार रुपये धरू. महिन्याला दोन फेऱ्या खरोखर वाचत असतील तर वर्षाला ८४ हजार रुपये वाचतात. अशा पेढीने ६० हजारांचा संच आणि वर्षाला १२ हजारांचे इंटरनेट घेतले, तर ७२ हजारांचा खर्च पहिल्याच वर्षात वसूल होतो. याउलट दोन महिन्यांत एकच फेरी वाचणार असेल तर बचत २१ हजारांची आहे. तेथे हाच संच तोट्याचा ठरतो. हे आकडे आम्ही केवळ रीत दाखवण्यासाठी घेतले आहेत. प्रत्येकाने आपल्या वहीतले आकडे घालावेत, विक्रेत्याच्या माहितीपत्रकातले नव्हेत.

संच म्हणजे नेमके काय?

विक्रेता एका पेटीचा भाव सांगतो, पण त्या पेटीत पाच वेगवेगळ्या गोष्टी असतात: कॅमेरा, मायक्रोफोन, लाउडस्पीकर, चित्र-आवाजाची इंटरनेटसाठी बांधणी करणारे यंत्र ज्याला कोडेक म्हणतात, आणि बैठक चालवणारे सॉफ्टवेअर. पूर्वी हे सर्व एकाच कंपनीकडून घ्यावे लागे. १९९० च्या दशकात असे संच आयएसडीएन नावाच्या टेलिफोन लाइनवर चालत. एका लाइनवर ६४ किलोबिटचे दोन मार्ग मिळत, म्हणजे एकूण १२८ किलोबिट. चित्र धड दिसावे म्हणून तीन-तीन लाइन जोडून ३८४ किलोबिट करावे लागत. त्या काळी हे मोठ्या कंपन्यांचे आणि बँकांचे काम होते. आज साध्या मोबाइलवरही त्याच्या कितीतरी पट वेग मिळतो, त्यामुळे कोडेकचे काम लॅपटॉपच करू शकतो.

हे ध्यानात घेतले तर भाव करणे सोपे जाते. टीव्ही आपल्याकडे आहे, लॅपटॉप आहे. मग उरले कॅमेरा, मायक्रोफोन आणि स्पीकर. हे तिन्ही यूएसबीने जोडले जाणारे वेगवेगळे मिळतात. पूर्ण संचाचा भाव लाखात जात असेल तर सुट्या वस्तूंचे काम त्याच्या लहानशा हिश्शात होते. पूर्ण संचाचा खरा फायदा इतकाच की सर्व वस्तू एकमेकींशी जुळलेल्या असतात आणि बटण दाबले की बैठक सुरू होते. तेवढ्या सोयीसाठी किती जादा द्यायचे, हा ज्याचा त्याचा प्रश्न.

आवाजाची पारख

विक्रेता चित्र दाखवतो, कारण चित्र विकले जाते. पण बैठक मोडते ती आवाजामुळे. चित्र क्षणभर थांबले तरी बोलणे चालू राहते. आवाज तुटला की सगळेच थांबते. आपल्या धंद्यात तर एका आकड्याची चूक महाग पडते. ‘सहा’ आणि ‘दहा’, ‘सात’ आणि ‘साठ’ हे शब्द खराब आवाजात सारखेच ऐकू येतात. दरवाजाची चौकट सहा फूट दहा इंच म्हटले होते की सहा फूट सहा इंच, हे चौकट तयार झाल्यावर कळले तर सागवान कोणाच्या नावे टाकायचे? दोन सुतांच्या फरकाने दार बसत नाही, तेथे इंचांची चूक म्हणजे अख्खे काम पुन्हा करणे.

म्हणून मायक्रोफोन कोठवर ऐकतो हे पाहावे. बोलणाऱ्याचे अंतर दुप्पट झाले की त्याचा आवाज सहा डेसिबलने उतरतो. खोलीतला पंखा आणि बाहेरचे कटर मात्र तेवढ्याच जोरात ऐकू येत राहतात. लांब टेबल असेल तर एक मायक्रोफोन पुरत नाही, टेबलाच्या मध्याला वा दुसऱ्या टोकाला जोड-मायक्रोफोन लागतो. तो कोटेशनमध्ये आहे की वेगळा घ्यावा लागेल, हे विचारून घ्यावे.

दुसरी गोष्ट प्रतिध्वनीची. स्पीकरमधून आलेला समोरच्याचा आवाज पुन्हा आपल्या मायक्रोफोनमध्ये शिरून त्यालाच परत ऐकू जातो. चांगल्या संचात तो आवाज वगळण्याची सोय असते. दोन्हीकडची माणसे एकाच वेळी बोलली तर काय होते, ही तिची खरी परीक्षा. हलका संच अशा वेळी एकाचा आवाज कापून टाकतो. आणि आपल्याकडे बैठकीत दोघे एकदम बोलत नाहीत असे कधी होते का? तिसरी गोष्ट विलंबाची. आवाज एका बाजूने दुसरीकडे पोचायला १५० मिलिसेकंदांपेक्षा जास्त वेळ लागू नये, असा दूरसंचाराच्या आंतरराष्ट्रीय शिफारशीचा दंडक आहे. विलंब वाढला की माणसे एकमेकांचे बोलणे तोडू लागतात आणि उगाच मने दुखावतात.

खोलीकडेही पाहावे. गुळगुळीत टाइल्स, उघड्या भिंती आणि मोठ्या काचा असलेल्या खोलीत उत्तम संचही घुमतो. जमिनीवर सतरंजी, खिडकीला जाड पडदा आणि भिंतीला कापडी फळा एवढे केले तरी आवाज सुधारतो. हा खर्च थोडा आहे आणि तो संचाच्या आधी करावा.

चित्राची पारख

कॅमेऱ्याचा कोन पाहावा. कोन ९० अंशांचा असेल तर आठ फुटांवर सोळा फूट रुंदी दिसते. ६० अंशांचा असेल तर जेमतेम सव्वानऊ फूट. लहान खोलीत कोन मोठा हवा, नाहीतर टेबलाच्या दोन्ही बाजूंची माणसे चित्राबाहेर राहतात. मात्र १२० अंशांच्या कॅमेऱ्यात कडेची माणसे ताणलेली दिसतात. नमुना दाखवायचा असेल तर भिंगाचा, म्हणजे ऑप्टिकल झूम हवा. डिजिटल झूम म्हणजे तेच चित्र ताणून मोठे केलेले. त्यात लाकडाची रेषा किंवा वेल्डिंगचा जोड नीट कळत नाही.

येथे कारागिरांना एक सावधगिरी सांगणे आम्हाला अगत्याचे वाटते. पॉलिशचा रंग, कापडाची छटा आणि दगडाचा पोत पडद्यावरून मंजूर करून घेऊ नये. प्रत्येक पडदा रंग वेगळा दाखवतो आणि खोलीतला दिवा तो आणखी बदलतो. पार्टीने मुंबईत पाहिलेला अक्रोडी रंग आणि किहीमच्या कारखान्यात लावलेला अक्रोडी रंग एक असेलच असे नाही. वीतभर लाकडावर पॉलिश करून, मागे सही व तारीख घालून तो तुकडा बोटीने पाठवावा. बोलणे पडद्यावर करावे, पण रंग हातात देऊनच ठरवावा.

लाइन, वीज आणि खारी हवा

इंटरनेटवाला जो वेग सांगतो तो बहुधा माल खाली उतरवण्याचा असतो. बैठकीला वर चढवण्याचा वेगही तितकाच लागतो, कारण आपले चित्र समोरच्याकडे जायचे असते. दोन्ही बाजूंनी दोन-दोन एमबीपीएस धरले तर तासाला सुमारे १.८ जीबी डेटा खर्च होतो. दिवसाला दीड जीबीच्या मोबाइल रिचार्जवर ही बैठक पन्नास मिनिटांत बंद पडेल. म्हणून कचेरीसाठी फायबरची जोडणी घ्यावी आणि ती घेण्याआधी शेजारच्या दुकानात पावसाळ्यातला अनुभव विचारावा. यंत्राला वायफायऐवजी तारेने जोडावे. निम्म्या तक्रारी तेथेच मिटतात.

वीज गेली की काय होते याचा विचार किनाऱ्यावरच्या माणसाला सांगावा लागत नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्याला धडकले तेव्हा रायगडात विजेचे खांब आडवे झाले आणि मोबाइल टॉवरही गप्प झाले. तशी आपत्ती रोज येत नाही, पण पावसाळ्यात वीज जाणे नेहमीचेच. टीव्ही, संच आणि इंटरनेटची पेटी मिळून भार फार मोठा नसतो, दुकानातला साधा इन्व्हर्टर तो पेलतो. पण इंटरनेटची पेटीही त्याच इन्व्हर्टरवर आहे ना, हे पाहून घ्यावे. संच चालू आणि लाइन बंद, असे दृश्य पुष्कळ ठिकाणी दिसते.

खाऱ्या हवेने तांब्याचे टोक काळे पडते आणि जोडण्या ढिल्या होतात. संच वापरात नसताना झाकून ठेवावा, महिन्यातून एकदा तारा काढून पुसाव्यात, आणि वॉरंटीमध्ये गंज धरला जातो की वगळला जातो ते लेखी घ्यावे. दुरुस्तीला माणूस किहीमला येईल, की यंत्र मुंबईला न्यावे लागेल, हा प्रश्न पैसे देण्याआधी विचारायचा असतो.

कंपनी राहील का?

या धंद्यात कंपन्यांची मालकी वारंवार बदलते. पिक्चरटेल हे एके काळचे मोठे नाव. ती २००१ मध्ये पॉलिकॉमने घेतली. पॉलिकॉम २०१८ मध्ये प्लँट्रॉनिक्सकडे गेली आणि २०२२ मध्ये ते सारेच एचपीने घेतले. टँडबर्ग २०१० मध्ये सिस्कोमध्ये विलीन झाली. लाइफसाइज २०२३ मध्ये दिवाळखोरीत गेली. घराघरांत पोचलेले स्काइपही मे २०२५ मध्ये बंद झाले. यावरून धडा असा की ज्या संचावर एकच सॉफ्टवेअर चालते तो घेऊ नये. आज पार्टी झूमवर बोलावते, उद्या सरकारी कचेरी दुसऱ्या कशावर. लॅपटॉपला यूएसबीने जोडलेला कॅमेरा व स्पीकर सर्वांवर चालतो. सॉफ्टवेअर बदलले तरी वस्तू वाया जात नाही.

मोठ्या कचेऱ्यांनी काढून टाकलेले जुने संच बाजारात स्वस्त मिळतात. कॅमेरा उत्तम, पेटी भक्कम, भाव मातीमोल, असे पाहून मोह होतो. पण यातील बरेच संच एच.३२३ या १९९६ च्या जुन्या पद्धतीवर बोलतात. आजच्या बैठकीत शिरायला त्यांना मध्ये वेगळी, पैसे देऊन घ्यावी लागणारी सेवा लागते. शिवाय कंपनीकडून सॉफ्टवेअरची दुरुस्ती येणे थांबलेले असते. असा संच स्वस्त मिळाला तरी तो चालवण्याचा खर्च महाग पडतो.

फुकट सॉफ्टवेअरची मर्यादाही माहीत असावी. झूमच्या फुकट बैठकीला ४० मिनिटांची मर्यादा आहे, गुगल मीटवर तिघे वा अधिक असतील तर ६० मिनिटांची. आमच्या मते लहान पेढीला ही मर्यादा अडचण नसून शिस्त आहे. आखातातल्या भागीदाराचा विचार वेगळा करावा. सौदी अरेबियाने सप्टेंबर २०१७ मध्ये इंटरनेट कॉल खुले केले. संयुक्त अरब अमिरातीत मात्र व्हॉट्सॲपच्या कॉलवर वर्षानुवर्षे निर्बंध राहिले आहेत. तेव्हा दुबईच्या माणसाला तेथे काय चालते हे आधी विचारून मगच सॉफ्टवेअर ठरवावे. आपले दहा वाजले की कुवेतला साडेसात झालेले असतात आणि तेथे शुक्रवार-शनिवार सुट्टी, तर अमिरातीत २०२२ पासून शनिवार-रविवार. बैठकीची वेळ ठरवताना याचे भान ठेवावे.

उघडे दार

जानेवारी २०१२ मध्ये अमेरिकेतील रॅपिड-सेव्हन या कंपनीच्या एच. डी. मूर या सुरक्षातज्ज्ञाने दाखवून दिले की जगभरच्या हजारो बैठकीच्या खोल्या इंटरनेटवर उघड्या पडल्या आहेत. त्या संचांमध्ये आलेला कॉल आपोआप उचलण्याची सोय चालूच ठेवलेली होती, त्यामुळे परका माणूस बसल्या जागी खोली पाहू शकत होता. एप्रिल २०२० मध्ये आपल्या केंद्रीय गृह मंत्रालयानेही झूम वापरताना घ्यायच्या काळजीची सूचना काढली होती. उपाय साधे आहेत. कारखान्यातून आलेला पासवर्ड त्याच दिवशी बदलावा, आपोआप कॉल उचलणे बंद करावे, आलेल्या माणसाला आपण आत घेईपर्यंत बाहेर थांबवण्याची सोय चालू ठेवावी, आणि बैठक संपली की कॅमेऱ्यावर झाकण टाकावे. भावताव आणि उधारीची यादी ज्या खोलीत बोलली जाते, त्या खोलीला कुलूप असतेच; कॅमेऱ्यालाही हवे.

संच कोठे लावावा?

आता मुख्य मुद्दा. बहुतेक ठिकाणी असा संच मालकाच्या केबिनमध्ये लावला जातो. पार्टी आणि मालक बोलतात, मालक कागदावर चार ओळी लिहितो आणि त्या मिस्त्रीला सांगतो. मिस्त्री काम करतो, पार्टी म्हणते आम्ही असे सांगितलेच नव्हते. दोष येतो मिस्त्रीवर, आणि पुष्कळदा कापली जाते ती त्याची मजुरी. ज्या बोलण्यात तो नव्हता त्या बोलण्याची किंमत त्याने भरायची, हा न्याय नव्हे.

मोबाइलवर एका माणसाशी बोलता येते. अनेक माणसे एका टेबलाशी बसवणे, हेच या संचाचे वेगळेपण आहे. तेव्हा तो घेऊन पुन्हा एकट्यानेच बोलायचे असेल तर तो घेण्याचे प्रयोजन काय? आमचे मत स्पष्ट आहे. संच कारखान्यालगतच्या खोलीत लावावा, जेथे सुतार, पॉलिशवाला, फॅब्रिकेशनवाला हात पुसून येऊन बसू शकेल. आर्किटेक्टने नकाशा दाखवला की मिस्त्रीच त्याला विचारील: हे कपाट खिडकीच्या खालच्या पट्टीला अडणार नाही ना? बिजागरी कोणत्या बाजूला? हा प्रश्न मालकाला सुचत नाही, कारण त्याचा हात लाकडावर नसतो.

यावर मालकांचा आक्षेप आम्हाला ठाऊक आहे. मिस्त्री थेट पार्टीशी बोलू लागला तर उद्या तो आपले काम पळवील, ही भीती. ती अगदीच निराधार आहे असे आम्ही म्हणणार नाही. पण ज्याला जायचे आहे तो फोन नंबर एरवीही मिळवतो. उलट ज्याला टेबलाशी जागा मिळते, ज्याचे नाव घेऊन पार्टी विचारते, तो माणूस टिकण्याची शक्यता अधिक. दर आणि पैशाचे बोलणे मालकाने स्वतंत्र बैठकीत करावे; मापाचे आणि मालाचे बोलणे मिस्त्रीसमोर व्हावे. एवढी विभागणी केली की दोघांचाही मान राहतो.

दुसरा आक्षेप जुन्या व्यापाऱ्यांचा असतो: समोरासमोर बसल्याशिवाय भरवसा बसत नाही. हे खरे आहे. पहिला सौदा, पहिला बयाणा आणि भागीदारीचा करार भेटूनच करावा. संच नवा भरवसा निर्माण करत नाही. असलेला भरवसा अंतरामुळे झिजू नये एवढेच तो पाहतो. आखातातल्या भागीदाराला महिन्याकाठी खातेवही पडद्यावर दाखवली, नामे-जमा वाचून दाखवले, तर वर्षाखेरीस होणारे पुष्कळ गैरसमज होणारच नाहीत. घरात फूट पडते ती बहुधा आकड्यामुळे नव्हे, आकडा वेळेवर न सांगितल्यामुळे.

बोललेले लिहून ठेवा

पडद्यावरच्या बोलण्याला कायदाही मान देतो. मुंबईतल्या एका वैद्यकीय हलगर्जीच्या खटल्यात अमेरिकेतील डॉक्टरची साक्ष व्हिडिओद्वारे घ्यावी की नाही हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि महाराष्ट्र राज्य विरुद्ध डॉ. प्रफुल्ल देसाई या प्रकरणात एप्रिल २००३ मध्ये न्यायालयाने तशी साक्ष ग्राह्य ठरवली. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १७३ नुसार संचालकांना व्हिडिओद्वारे बैठकीत भाग घेता येतो. २०२० मध्ये केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने सुनावण्या व्हिडिओद्वारे घेण्याच्या सूचना दिल्या. भागीदारी पेढीने मात्र आपला भागीदारी करार पाहावा. पडद्यावरच्या बैठकीतला निर्णय सर्वांवर बंधनकारक राहील असे एक कलम त्यात घालून घेतलेले बरे.

तरीही नुसत्या बोलण्यावर विसंबू नये. देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवावा ही शिकवण आपल्याला नवी नाही. बैठक संपताच मापे, दर, मुदत आणि कोणी काय करायचे हे पाच-सात ओळींत लिहून सर्वांना पाठवावे आणि ‘मान्य’ असे उत्तर मागवावे. आकडा अंकात आणि अक्षरात दोन्ही प्रकारे लिहावा. एवढी सवय लागली तर साधा संचही उत्तम काम देईल. ती नसेल तर लाखाचा संचही भांडण थांबवणार नाही.

घ्यावा, भाड्याने आणावा की मिळून घ्यावा?

जीएसटीखाली नियमित नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याला धंद्यासाठी घेतलेल्या संचावरील कराची वजावट मिळू शकते. कंपोझिशन योजनेत असलेल्याला ती मिळत नाही. म्हणजे एकच संच दोघांना वेगवेगळ्या भावाने पडतो. पक्के बिल घ्यावे. बिलाविना आलेल्या परदेशी मालाला ना वॉरंटी, ना वजावट. हप्त्याने घेताना त्यात व्याज किती दडले आहे ते पाहावे. जे व्याज टाळू इच्छितात त्यांनी सुट्या वस्तू एकेक करून रोखीने घ्याव्यात. आधी स्पीकरफोन, मग कॅमेरा, आणि गरज उरलीच तर बाकीचे.

जेथे एकाला हा खर्च झेपत नाही तेथे चार-पाच दुकानदारांनी मिळून चोंढी नाक्याजवळ एक खोली व एक संच ठेवावा, तासाप्रमाणे आकार घ्यावा आणि वापराची वही ठेवावी. रोज एक तासही न वापरले जाणारे यंत्र प्रत्येकाने वेगळे का घ्यावे?

पारखायला आठवडा द्या

याच किहीमला १९३० मध्ये डॉ. सालीम अली यांनी सुगरण पक्ष्यांचा अभ्यास केला, आणि तो पुढे जगभर वाखाणला गेला. त्यांना दिसले की घरटे नर बांधतो, पण पुरे बांधत नाही. अर्धे झाले की मादी येते, आत शिरून पाहते आणि पसंत पडले तरच ते पुढे पुरे होते. आपल्या परिसरातल्या पाखराची ही रीत खरेदीदाराने उचलावी. संच आठवडाभर आपल्या खोलीत, आपल्या लाइनवर, आपल्याच माणसांसह चालवून पाहावा, आणि मगच पैसे द्यावेत. शोरूममधल्या गालिच्यावर सगळेच संच गोड बोलतात.

त्या आठवड्यात चार परीक्षा घ्याव्यात. टेबलाच्या टोकाला बसलेल्या माणसाने वीस मापे वाचावीत आणि समोरच्याने ती लिहून परत वाचावीत. एकही चूक चालणार नाही. शेजारी कटर चालू असताना तेच पुन्हा करावे. मध्येच वीज बंद करून पाहावी. आणि संच कधीही न हाताळलेल्या मिस्त्रीला कोणाच्या मदतीविना बैठक सुरू करायला सांगावे. चारही परीक्षांत उतरला तो संच घ्यावा, मग त्यावर नाव कोणाचेही असो. पहिल्या परीक्षेत नापास झालेला फुकट मिळाला तरी परत करावा. आणि पसंत पडलेला संच ज्या दिवशी लावाल, त्या दिवसाच्या पहिल्या बैठकीत आपल्या सर्वांत जुन्या कारागिराला कॅमेऱ्यासमोरची मधली खुर्ची द्यावी.